तसाच भाग, पण कोणता?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत पॉवर टूल्सच्या सुट्या भागांच्या दुकानात गिऱ्हाईक फारसं बोलत नाही. पिशवीतून जळकं आर्मेचर काढतं आणि काउंटरवर ठेवतं. दुकानदार ते उचलतो, शाफ्टच्या टोकाचे दाते मोजतो, दात्यांचा पीळ उजवा की डावा ते बघतो, कॉम्युटेटरवरून बोट फिरवतो, बेअरिंगच्या जागी व्हर्निअर लावतो आणि मागच्या फळीवरून तीन-चार खोकी काढून एकेक आर्मेचर जुन्याशेजारी उभं करतो. लांबी जुळली, दाते जुळले, पत्र्याच्या चळतीची जाडी जुळली, पंखा त्याच बाजूला निघाला, की सौदा झाला. या नजरेचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण ही नजर ज्या कामावर खर्च होते ते काम मुळात कुणाला करावं लागायलाच नको होतं. त्या आर्मेचरला कंपनीने जन्मतःच एक नंबर दिलेला असतो. तो कंपनीच्या कागदांत असतो, अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात असतो. अनेकदा नसतो तो फक्त दोघांकडे: ज्याचं मशीन आहे त्याच्याकडे आणि जो ते दुरुस्त करणार आहे त्याच्याकडे.

ग्राइंडर, ड्रिल, मार्बल कटर, रोटरी हॅमर यांच्या दुरुस्तीबद्दल बोलताना 'पार्ट मिळत नाहीत' हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. भाग पुष्कळ मिळतात. कोणता भाग हवा ते नेमकं सांगता येत नाही, ही खरी अडचण. दुरुस्तीची कोंडी मालापेक्षा माहितीची जास्त आहे, आणि म्हणून तिचा उपायही कारखान्यापेक्षा कागदात आहे. प्रत्येक मशीनचा सुट्या भागांचा तक्ता, म्हणजे मशीन उलगडून एकेक भाग वेगळा दाखवणारं चित्र आणि त्यापुढचे नंबर, उत्पादकाने सर्वांसाठी खुला ठेवावा आणि मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षं तसाच ठेवावा, एवढंच बंधन घातलं तरी या धंद्यातली निम्मी अडवणूक संपेल.

याचा पुरावा मशीनच्या पोटातच आहे. चार इंची ग्राइंडर उघडला तर झिजणाऱ्या-जळणाऱ्या वस्तू मोजक्या निघतात: कार्बन, बेअरिंग, स्विच, केबल, आर्मेचर, फील्ड आणि गिअरची जोडी. यातल्या बेअरिंगसाठी जगात कुठेही कुणी अडत नाही. बेअरिंगच्या कडेवर ६०८ कोरलेलं असेल तर आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२ आणि रुंदी ७, मग ते जपानी असो, स्वीडिश असो की चिनी. ६२९ म्हणजे ९, २६, ८. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू-आरएस किंवा डीडीयू असेल तर रबराचं. मूळ मशीन बनवणारी कंपनी बुडाली, विकली गेली, तिने देश सोडला, तरी बेअरिंग तालुक्याच्या गावी मिळतं. कारण त्याचा नंबर ही कुणाची खासगी मालमत्ता राहिलेली नाही, त्यामागची मापं आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहेत. स्विच बिघडला, की त्याच मशीनसाठी तोच माणूस दोन बाजार फिरतो. स्विच काही बेअरिंगहून दुर्मिळ नसतो. पण त्याच्यावर स्विच बनवणाऱ्याचा नंबर एक, मशीनच्या कंपनीच्या तक्त्यातला दुसरा, आणि हा दुसरा नंबर मशीनवर कुठेच लिहिलेला नसतो.

कार्बन या दोहोंच्या मधला. मकिताने आपल्या कार्बनवरच सीबी-३०३, सीबी-३२५ असे नंबर छापले, आणि हा साधा निर्णय किती दूर पोहोचला ते बघण्यासारखं आहे. ज्याने मकिताचं माहितीपत्रक कधी पाहिलेलं नाही तो कारागीरही दुकानात जाऊन 'तीनशे पंचवीसचे कार्बन द्या' म्हणू शकतो. नंबर झिजणाऱ्या वस्तूवरच असल्यामुळे तो हरवत नाही. जिथे असा नंबर नसतो तिथे माणूस जाडी-रुंदी मोजून 'बसतोय ना' एवढंच बघतो. कार्बन बसतो, मशीन फिरतंही. पण कार्बनची प्रत वेगळी असेल तर फार कडक कार्बन कॉम्युटेटरला चर पाडतो, फार मऊ असेल तर लवकर संपतो आणि त्याची पूड आत साचते. काही कार्बनांमध्ये आत स्प्रिंगची कळ असते: कार्बन ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती कळ बाहेर येते, संपर्क तुटतो, मशीन बंद पडतं आणि कॉम्युटेटर वाचतो. मापाने जुळवलेल्या साध्या कार्बनात ही कळ नसते. तो शेवटपर्यंत झिजतो, मग ठिणग्या उडतात आणि लहानशा खर्चाचं काम आर्मेचरवर जाऊन थांबतं. यात कारागिराचा अडाणीपणा नाही. कार्बनमध्ये कळ आहे, हे त्याला तक्त्यानेच सांगायचं होतं.

आता नंबर असूनही तो कसा निसटतो ते पाहू. मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते विक्रीचं नाव. बॉशचा जीडब्ल्यूएस ६०० हा ग्राइंडर आपल्याकडे कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दिसतो, पण सुट्या भागांसाठी हे नाव पुरत नाही. त्यासाठी लागतो तो नेमप्लेटवरचा बारीक अक्षरातला दहा आकडी टाइप नंबर. नाव तेच ठेवून कंपन्या आतले भाग बदलत राहतात. डिवॉल्ट तर एकाच मॉडेलच्या पाठीवर 'टाइप १', 'टाइप २' असं छापते, आणि टाइप एकची वस्तू टाइप दोनला बसेलच असं नाही. हे सगळं शहाणपणाचं आहे, फक्त ते ज्या चिकटपट्टीवर छापलेलं असतं ती ग्रीस, सिमेंट आणि घाम यांना किती दिवस टिकणार याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. वर्षभरात अक्षरं जातात. मग उरतं ते 'निळा बॉश, चार इंची'. यावर उपाय महाग नाही: तोच नंबर बॉडीच्या प्लास्टिकमध्ये ठोकून ठेवायचा.

नंबर टिकला तर काय होतं, याचं एक उत्तम उदाहरण अमेरिकेत आहे. सीअर्स हे दुकान क्राफ्ट्समन या नावाने मशीनं विकायचं, पण स्वतः बनवायचं नाही. मॉडेल नंबराच्या सुरुवातीचे तीन आकडे मूळ उत्पादक सांगायचे. ११३ म्हणजे एमर्सन. २००० साली एमर्सनने १९५८ ते १९९२ या काळात विकलेल्या सुमारे ३७ लाख रेडियल आर्म सॉ सुरक्षेच्या कारणासाठी परत बोलावल्या, कारण त्यांच्या पात्याला पूर्ण झाकणारं गार्ड नव्हतं. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनचा मालकही नेमप्लेटवर ११३ बघून 'हे माझंच आहे' हे ओळखू शकत होता आणि नवं गार्ड मागवू शकत होता. पुढे क्राफ्ट्समन हे नाव २०१७ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेलं, २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरी जाहीर केली. त्या तीन आकड्यांचा अर्थ मात्र अजून लागतो.

आपल्याकडच्या माहितीपत्रकाकडे वळू. खोक्यात एक जाडजूड पुस्तिका येते. तिची बरीच पानं सुरक्षेच्या सूचनांनी भरलेली असतात, अनेक भाषांत, आणि त्या सगळ्या कंपन्यांच्या जवळपास सारख्याच असतात, कारण त्या हातातल्या विद्युत अवजारांच्या आंतरराष्ट्रीय मानकातून उचललेल्या असतात. त्यातली एक सूचना अशी, की दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्या आणि तंतोतंत तसेच भाग वापरा. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण तसेच म्हणजे कोणते, हे त्या जाडजूड पुस्तिकेत अनेकदा कुठेच नसतं. ओले हात लावू नका, सैल कपडे घालू नका, मुलांपासून दूर ठेवा, हे कित्येक भाषांत सांगायला जागा आहे; भागांचं एक पानभर चित्र छापायला नाही. पूर्वीच्या माहितीपत्रकांत, विशेषतः कारखान्यांसाठी बनणाऱ्या मशीनांच्या, शेवटी ते चित्र असायचं. आता ते बहुधा सर्व्हिस सेंटरसाठी वेगळं काढलं जातं.

यावर बाजाराचं उत्तर तयार असतं: तुमच्या तक्त्यावाचून आमचं कुठे अडलंय? हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. इथल्या बाजाराने खरोखरच स्वतःची एक नंबरपद्धत उभी केली आहे. 'सहा-शंभरचं आर्मेचर', 'सीएम फोरची फील्ड', 'दोन-वीसचा गिअर', 'दोन-सव्वीसचा पिस्टन' ही या धंद्यातली रोजची भाषा आहे. सहा-शंभर हे मूळचं बॉशच्या एका ग्राइंडरचं नाव, सीएम फोर हा हिताचीचा मार्बल कटर, दोन-वीस आणि दोन-सव्वीस हे बॉशचे रोटरी हॅमर. ही मॉडेलं इतकी खपली, की चीनमध्ये आणि इथेही त्यांच्या बरहुकूम नकला झाल्या. नकला झाल्यामुळे त्यांचे भाग ढिगाने बनले, आणि भाग ढिगाने बनल्यामुळे नव्या लोकल ब्रँडनीही आपली मशीनं त्याच भागांभोवती बेतली. कुणी समिती नेमली नाही, कुणी मानक लिहिलं नाही, तरी एक अघोषित मानक तयार झालं. कुठल्याही अनोळखी नावाचा मार्बल कटर घ्या, त्यात बहुधा सीएम फोरचं आर्मेचर बसतं.

पण हीच गोष्ट नीट बघितली तर ती तक्त्याच्या बाजूने साक्ष देते. बाजार चालला तो नंबरावरच. फक्त तो नंबर उत्पादकाने दिलेला नव्हता, लोकांनी उसना घेतला. आणि उसन्या नंबराची मर्यादा उघड आहे. ज्याची नक्कल झाली त्याचे भाग मिळतात, बाकीच्यांचे नाहीत. मुलुंडच्या रॅलिवुल्फची जुनी जड ड्रिल मशीनं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सची, म्हणजे केपीटीची, काही जुनी मॉडेलं, रंधा मारण्याची किंवा खाचा पाडण्याची कमी खपणारी मशीनं यांच्या वाट्याला 'दोन-सव्वीस'सारखी प्रसिद्धी येत नाही. अशा मशीनच्या मालकाला वाइंडिंगवाल्याकडे जाऊन आर्मेचर पुन्हा भरून घ्यावं लागतं. तो चांगला असेल तर तार किती गेजची, एका खाचेत किती वेढे, कॉम्युटेटरच्या कुठल्या पट्टीला कुठलं टोक, हे जुनं वाइंडिंग सोडवतानाच लिहून घेतो. वाइंडिंग पुरतं जळून कोळसा झालं असेल तर तेही हाती लागत नाही. अशा वेळी तक्त्यातली एक ओळ लाखमोलाची ठरली असती.

शिवाय उसना नंबर आकार सांगतो, गुण सांगत नाही. बाजारात एकाच आर्मेचरच्या तीन किमती असतात आणि तिन्ही बसतात. एकात तांब्याची तार असते, एकात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची. आजची बहुतेक हातातली मशीनं दुहेरी इन्सुलेशनची असतात; नेमप्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते ती त्याचीच. अशा मशीनला अर्थिंगची तार नसते. सुरक्षेची दुसरी फळी आर्मेचरच्या आत असते: शाफ्ट आणि पत्र्याची चळत यांच्यामध्ये इन्सुलेशनचा थर. वाइंडिंग जळून पत्र्याला टेकलं तरी करंट शाफ्टमार्गे गिअरच्या धातूच्या डोक्यापर्यंत येऊ नये म्हणून तो असतो. स्वस्त नकलेत हा थर गाळला तरी आर्मेचर बाहेरून हुबेहूब दिसतं आणि मशीन झकास चालतं. काउंटरवर शेजारी उभं करून हे कळणार कसं?

इथेच उत्पादकांचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. ते म्हणतील, हेच तर आम्ही सांगतो: सामान्य माणसाने मशीन उघडू नये, तक्ता हातात दिला तर तो उघडणारच. आक्षेप प्रामाणिक आहे, पण जमिनीवरची वस्तुस्थिती त्यात धरलेली नाही. मशीन उघडायचं की नाही हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच निकाली निघाला आहे. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी, साइट चाळीस किलोमीटरवर, आणि मशीन बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बंद. मशीन तिथल्या तिथे उघडलं जातंच. तक्ता लपवल्याने ते थांबत नाही, फक्त अंदाजाने होतं. दुहेरी इन्सुलेशनचं आर्मेचर हवं, कार्बन कळीचाच हवा, गिअर बदलताना दोन्ही जोडीने बदला, ग्रीस एवढंच भरा, हे ज्याला सुरक्षेची काळजी आहे त्याने तर ओरडून सांगायला हवं.

दुसरा आक्षेप नकलांचा: नंबर खुले केले की डुप्लिकेटवाल्यांचं फावेल. आजचा बाजार पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. नक्कल करणाऱ्याला तक्ता लागत नाही, तो मशीन विकत घेतो, उलगडतो, मोजतो आणि साचा काढतो. तक्ता लागतो तो प्रामाणिक दुरुस्तीवाल्याला, ज्याला एकच भाग हवा आहे आणि तो अस्सल हवा आहे. खऱ्या भागाचा नंबर आणि छापील किंमत कुठे बघायला मिळाली तरच डुप्लिकेट माल ओळखता येतो. नंबर ही कंपनीची बौद्धिक संपदा आहे असंही म्हटलं जातं. अमेरिकेत साउथको नावाच्या कंपनीने आपल्या स्क्रूंच्या नंबरांवर कॉपीराइट सांगितला होता. २००४ साली तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. निकाल लिहिणारे सॅम्युएल अलिटो पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ठरलेल्या नियमाने तयार होणाऱ्या भागाच्या नंबरात सर्जनशीलता नसते, असा त्या निकालाचा आशय. चित्रावर हक्क सांगा, नंबरावर कशाला?

तिसरा आक्षेप हिशोबाचा, आणि तो मी पूर्ण खोडू शकत नाही. हजार-बाराशेच्या लोकल ग्राइंडरचं आर्मेचर, फील्ड आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या आसपास जात असेल तर शहाणा माणूस नवं घेईल, आणि कुठलाही कायदा त्याला अडवू नये. पण हा हिशोब सगळ्या मशीनांना लावला जातो तिथे घोळ होतो. रोटरी हॅमर किंवा ब्रेकर ग्राइंडरच्या कितीतरी पट महाग असतो आणि त्यात बहुतेक वेळा जातं ते पिस्टनचं रबरी ओ-रिंग, कार्बन किंवा केबल. किरकोळ किमतीच्या रबरासाठी हजारोंचं मशीन कोपऱ्यात पडून राहतं, ते त्या ओ-रिंगचं माप माहीत नसल्यामुळे.

या मशीनचा मालक कोण, हेही लक्षात घ्यायला हवं. तो बहुधा स्वतः सुतार, प्लंबर, फॅब्रिकेटर असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यावसायिक वापरासाठी घेतलेला माल वगळला, पण स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेलं अवजार त्या वगळण्यातून बाहेर ठेवलं. म्हणजे ग्राइंडर घेणारा फॅब्रिकेटर कायद्याने ग्राहकच आहे. त्याच्या बाजूने बोलायला आधारही तयार आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. दोष हाच, की त्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली नाही. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण माहिती अडवणं हा स्पर्धेचा गळा आवळण्याचा प्रकार आहे, हे तत्त्व एकदा नोंदवलं गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं हे चार विभाग ठरले. पॉवर टूल्सना त्यात स्वतंत्र खण नाही. गंमत म्हणजे २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या यादीत ड्रिल आणि करवती नावानिशी आहेत. १ एप्रिल २०२३ पासून त्या भंगारात गेल्या की त्यांची जबाबदारी उत्पादकावर येते. मेल्यावर विचारपूस करणारा नियम आहे, आजारपणात औषधाचं नाव सांगणारा नाही.

मॉडेल बंद झाल्यावरही तक्ता दहा वर्षं खुला ठेवण्याची अट घातली तर ती अवास्तव आहे असं वाटत असेल तर युरोपात वेल्डिंग मशीनकडे बघावं. ग्राइंडरच्या शेजारीच उभं असणारं हे यंत्र. १ जानेवारी २०२१ पासून तिथे नियम आहे, की मॉडेलचा शेवटचा नग बनल्यापासून किमान दहा वर्षं ठरावीक सुटे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना मिळाले पाहिजेत आणि ऑर्डर दिल्यापासून पंधरा कामकाजी दिवसांत पोहोचले पाहिजेत. वेल्डिंगवाले त्यामुळे बुडाले नाहीत. फ्रान्सने त्याच दिवसापासून विजेवर चालणाऱ्या गवत कापणीच्या मशीनवर दहापैकी गुण छापायला लावले. त्यातला एक निकष दुरुस्तीची कागदपत्रं मिळतात का हा आहे, एक भाग मिळतात का हा आणि एक भागाची किंमत मूळ वस्तूच्या मानाने किती हा. मी तर याहून कमी मागतो. भाग साठवून ठेवण्याची सक्ती छोट्या उत्पादकाला जड जाईल, हे मान्य. तक्ता साठवायला गोदाम लागत नाही. चिनी कंटेनरमधून मशीन आणून स्वतःचं स्टिकर लावणाऱ्यानेही 'यात सीएम फोरचं आर्मेचर बसतं' एवढं छापलं तरी गिऱ्हाईकाचं काम भागतं.

घाई करण्याचं कारण बॅटरीच्या मशीनांत आहे. त्यांच्या ब्रशलेस मोटरला कार्बन नाही, कॉम्युटेटर नाही, म्हणजे झिजणारे दोन भाग कमी, आणि ही खरीच प्रगती आहे. पण त्यांच्या जागी येतो तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड, अनेकदा स्विच आणि तारांसकट एकच तुकडा, वरून राळेत बुडवलेला. काउंटरवर ठेवून दाते मोजावेत असं त्यावर काही नसतं. आत कुठला प्रोग्रॅम आहे ते बाहेरून दिसत नाही. बॅटरीच्या बाबतीत काही कंपन्यांनी हातमिळवणी केली, मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये वेगवेगळ्या ब्रँडना एकच बॅटरी चालवणारी युती झाली. बोर्डाबद्दल तसं काही नाही. त्यात नावंही बदलत राहतात: हिताचीची अवजारं २०१८ पासून हायकोकी झाली, तीच अमेरिकेत मेटाबो एचपीटी म्हणून विकली जातात. आज खपणारी कॉर्डलेस मशीनं काही वर्षांनी नागदेवीच्या काउंटरवर येतील, तेव्हा दुकानदाराची नजर उपयोगी पडणार नाही.

कंपनीच उरली नाही तर तक्ता कुणी ठेवायचा, या प्रश्नाला आपल्याकडे एक जुना नमुना आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने भारतात प्रकाशित झालेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांना पाठवावी लागते, त्यातलं एक मुंबईत आहे. चाळीस पानांच्या कवितासंग्रहालाही त्यातून सूट नाही. मशीन विक्रीला आणताना त्याचा तक्ता भारतीय मानक ब्यूरोकडे किंवा ग्राहक व्यवहार विभागाच्या त्याच पोर्टलवर जमा करायचा, मॉडेल बंद झाल्यावरची कंपनीची दहा वर्षांची मुदत संपली की तो तिथून सर्वांना खुला करायचा आणि कंपनी आधीच बंद पडली तर त्याच दिवशी, असा नियम चार ओळींत लिहिता येईल.